छेद कुठे आहे? नागपुरातल्या कोचिंग क्लासच्या संचालकांना खुले पत्र

नागपुरात जेईई, नीट आणि सीईटीचे क्लास चालवणाऱ्या सर्व संचालकांना,

स. न. वि. वि.

मी गणिताची निवृत्त शिक्षिका. एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवलं, आता त्रिमूर्ती नगरात घरीच असते. तुमच्यापैकी कोणाशी माझी ओळख नाही, पण तुमच्या टेस्ट सिरीजचे निकाल मी दर वर्षी पाहते. जानेवारी ते जुलै ते माझ्या जेवणाच्या टेबलावर येत असतात, कधी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, कधी मोबाइलवर. सोबत आई किंवा वडील, आणि त्यांच्या मागे, दारात चपला काढायला मुद्दाम वेळ लावणारं पोट्टं. प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, याले व्हीएनआयटी भेटेल का?" व्हीएनआयटी म्हणजे आमच्या नागपूरची एनआयटी, केंद्राचं इंजिनिअरिंग कॉलेज.

हे कसं सुरू झालं ते सांगत बसत नाही. शेजारच्या एका मुलीचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, भरून दिला, तिला कॉलेज लागलं, आणि बातमी फिरली. पैसे घेत नाही. चहा मीच पाजते.

यंदा फेब्रुवारीत वाडीहून एक गृहस्थ आले. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या करतात. मुलाचा जेईई मेनचा जानेवारीचा निकाल चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवलेला. ९१.४ पर्सेंटाइल. चेहरा खुललेला नव्हता, पण पडलेलाही नव्हता. म्हणाले, "मोठीले बारावीत चौऱ्याऐंशी होते. ह्याले एक्क्याण्णव आले. म्हणजे हा पुढंच आहे नं?"

टेबलावर महावितरणचं बिल पडलं होतं. ते उलटं केलं आणि पाठीवर त्यांना गणित मांडून दाखवलं. पर्सेंटाइल म्हणजे गुणांचे टक्के नव्हेत, किती टक्के मुलं मागे राहिली तो आकडा. शंभरातून ९१.४ गेले, उरले ८.६. शंभर मुलं बसली तर साडेआठ याच्या पुढे. २०२५ मध्ये जानेवारी आणि एप्रिल ही दोन्ही सत्रं मिळून जेईई मेनला सुमारे १४ लाख ७५ हजार मुलं बसली होती. त्यांचे ८.६ टक्के काढले की येतात सुमारे १ लाख २७ हजार. गृहस्थांनी आकड्यावर बोट ठेवून एकं, दहं, शतं असं मोजलं. मग हळूच विचारलं, "एवढे पोट्टे ह्याच्या पुढं?"

एवढे. आणि देशातल्या तेवीसच्या तेवीस आयआयटी मिळून २०२५ ला जागा होत्या १८,१६०. एकतीस एनआयटी मिळून चोवीस हजारांच्या आसपास. मुलगा खुल्या प्रवर्गातला, आणि त्या प्रवर्गाला नुसतं ॲडव्हान्स्डच्या, म्हणजे आयआयटीसाठीच्या पुढच्या परीक्षेच्या, पेपरला बसायलाच त्या वर्षी ९३.१० पर्सेंटाइल लागले होते.

मग त्यांनी पिशवीतून क्लासचं फोल्डर काढलं. कोणत्या क्लासचं, ते लिहीत नाही. जुलै ते डिसेंबर अकरा टेस्ट, प्रत्येक ३०० गुणांची. ७८, ८४, ७१, ९०, ६९, ८८ असे सगळे आकडे, एकदाही शंभरी गाठलेली नाही. आणि प्रत्येक पानाखाली जांभळा शिक्का: 'वेल डन! कीप इट अप!' मागच्या कप्प्यात फीच्या पावत्या होत्या. शेवटचा हप्ता ५ जानेवारीला भरलेला.

राग आला तो त्या शिक्क्याचा. सहा महिने एकाच पट्ट्यात फिरणारे अकरा आकडे समोर असताना ज्या माणसाने अकरा वेळा तो शिक्का उमटवला, त्याला त्या आकड्यांचा अर्थ कळत नव्हता असं मी मानत नाही. तुमच्याकडे मागच्या पाच-सात बॅचचे असेच आकडे आहेत. नोव्हेंबरात ज्याची सरासरी ऐंशी असते तो एप्रिलमध्ये कुठे जाऊन थांबतो, हे नागपुरात तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही. मी टेबलावर बिलाच्या पाठीवर जे गणित करते, ते तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये तयार पडलेलं असतं.

आणि तुम्ही ते वापरताही. नाहीतर दिवाळीनंतर वरची बॅच वेगळी काढता ती कशावर? कोणाला जुना अनुभवी फिजिक्सचा सर द्यायचा आणि कोणाला यंदाच लागलेला नवा पोरगा, हे ठरतं कशावर? (मुलांना गुणांवरून अशा बॅचमध्ये वाटू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्येच सांगितलं आहे. तो विषय वेगळा, पण आठवण असू द्या.) बॅच लावताना जो अंदाज तुम्हाला पक्का वाटतो, तोच पालकसभेत तोंडाबाहेर का येत नाही, एवढंच मला विचारायचं आहे.

आता होर्डिंगबद्दल. जूनमध्ये शंकर नगर चौकात उभं राहून वर पाहिलं की आकाशाआधी मुलांचे पासपोर्ट फोटो दिसतात. इतक्या मुलांना आयआयटी, इतक्यांना एनआयटी, इतक्यांना ९९ च्या वर. पाचवीच्या मुलाला आपण अपूर्णांक शिकवतो तेव्हा वरच्या आकड्याला अंश म्हणतो आणि खालच्याला छेद. नुसता अंश लिहून आणला तर गणित चूक. तुमच्या फलकावर चाळीस वर्गखोल्यांएवढा मोठा अंश असतो, छेद कुठेच नसतो. चारशेपैकी चाळीस आणि चार हजारांपैकी चाळीस या दोन गोष्टी एकाच फोटोत बसतात. आई-वडील घरी जाताना तो फोटो मनात घेऊन जातात आणि छेदाच्या जागी नकळत स्वतःचं एकुलतं एक पोर घालतात. एकावर एक. शंभर टक्के!

देशाचा छेद मी वर दिलाच आहे. १८,१६० जागा, १४ लाख ७५ हजार मुलं, म्हणजे ८१ जणांमागे एक. तुमच्या क्लासचा याहून चांगला असेल, असायलाच हवा, कारण तुम्ही प्रवेशपरीक्षा घेऊन मुलं निवडता आणि वरच्यांना फी माफ करून ओढून आणता. मग तो छापायला काय हरकत आहे?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ ला कोचिंगच्या फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. यशस्वी मुलाचा फोटो छापायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती घ्यायची, त्याने नेमका कोणता कोर्स केला, किती काळाचा, पैसे भरून की फुकट, हे फोटोसोबत सांगायचं. मी गेल्या जूनमध्ये एकच मुलगी दोन चौकांत, दोन वेगळ्या क्लासच्या फलकांवर हसताना पाहिली. एकाकडे ती दोन वर्षं शिकली असेल, दुसऱ्याकडे बहुधा टेस्ट सिरीज लावली असेल. हे नियम आहेतच, ते पाळा असं वेगळं लिहिण्याचीही खरं तर गरज नसावी. माझं मागणं त्याच्या पुढचं आहे, आणि ते पत्राच्या शेवटाकडे येईल. त्याआधी अंदाज चुकला की घरात नेमकं काय मोडतं, ते सांगते, कारण ते तुमच्या ऑफिसातून दिसत नाही.

पालक विचारतात, व्हीएनआयटी भेटेल का. आमच्या पिढीला ती अजून व्हीआरसीईच आहे, १९६० ची. पण तो एकच दरवाजा आहे असं समजणं ही पहिली चूक. कॉम्प्युटर सायन्स आणि मायनिंग या दोन शाखा एकाच आवारात आहेत, पण त्यांच्या शेवटच्या रँकमध्ये आभाळपाताळाचं अंतर असतं. शिवाय निम्म्या जागा महाराष्ट्राच्या, निम्म्या बाहेरच्यांच्या, आणि त्यांचे रकाने वेगळे. मुलींच्या राखीव जागांचा रकाना वेगळा. आयआयटी-एनआयटीत त्या २०१८ पासून वाढवून दिल्या आहेत. ओबीसी किंवा एससीच्या रकान्यात जो आकडा दिसतो तो त्या प्रवर्गाच्या यादीतला क्रमांक असतो, देशाच्या सर्वसाधारण यादीतला नव्हे. दर वर्षी दोन-तीन घरं तरी असा ओबीसी रकान्यातला आकडा आपल्या सर्वसाधारण रँकशी ताडून उगाच रडत येतात. त्यांना नुसतं निकालावरच्या प्रवर्ग-रँकच्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं की चहा गोड लागतो. म्हणजे अंदाज नेहमी खालीच आणायचा असतो असं नाही. कित्येकदा तो वर न्यावा लागतो.

राज्याच्या सीईटीचे तक्ते तर त्याहून किचकट. जी-ओपन-एच, जी-ओपन-ओ, एल-ओपन-एस, अशी अक्षरं. पहिलं अक्षर सर्वसाधारण की मुलींसाठी, शेवटचं गृहविद्यापीठ, इतर विद्यापीठ की राज्यस्तर. या शेवटच्या अक्षराने मला एकदा असं काही शिकवलं, की ते सांगितल्याशिवाय तुमच्यावर बोट उगारायचा मला हक्क नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वरोऱ्याचा मुलगा, नागपुरात मामाकडे राहून सीईटी दिलेली. पर्सेंटाइल चांगले होते. त्याला हव्या असलेल्या नागपुरातल्या कॉलेजचा मागच्या वर्षीचा कट-ऑफ मी काढला, त्याच्याहून थोडा खालीच होता, आणि मी मोठ्या रुबाबात म्हटलं, "हे तर लागलंच समज." पोराने माझ्या भरवशावर अकराच ऑप्शन भरले. भरता येतात तीनशेपर्यंत. पहिली यादी लागली, त्यात त्याचं नाव नाही. रात्री पुन्हा तक्ता उघडला तेव्हा पाहिलं, मी एच वाचला होता. बारावी वरोऱ्याची, म्हणजे चंद्रपूर जिल्हा, आणि चंद्रपूर-गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठात. नागपूर विद्यापीठ त्याचं घर नव्हतंच. त्याला लागू होता ओ, आणि ओ बराच वर होता. मामाचं घर नागपुरात आहे म्हणून मीही नागपूरच धरलं होतं. पुढच्या फेरीत त्याला दुसरं कॉलेज, दुसरी शाखा घ्यावी लागली. त्याच्या वडिलांनी मला एक शब्द ऐकवला नाही. उलट दिवाळीला चिवड्याचा डबा पाठवला. तो डबा रिकामा करून परत पाठवायला मला सहा महिने लागले.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर मी काय सांगितलं ते तारखेसकट: 'लागेल', 'निम्मी-निम्मी', 'पाचात एक', 'नाही'. उजव्या पानावर जुलैत काय झालं ते. ही वही फार निर्दय आहे. त्यात दिसतं की मी ज्यांना 'निम्मी-निम्मी' म्हटलं त्यांच्यातले निम्म्याहून कमी लागले, म्हणजे मीसुद्धा तोंडावर गोडच बोलते. आणि असंही दिसतं की जानेवारीत ८८ वर असलेली एक मुलगी एप्रिलमध्ये ९७ च्या पुढे गेली. तिच्या नावापुढे मी 'नाही' लिहिलं होतं. ती पेढे घेऊन आली तेव्हा मी तिला ते पान दाखवलं. तिने पेन मागितला आणि माझ्या 'नाही'वर काट मारली.

म्हणून मी तुमच्याकडे भविष्य मागत नाही. पट्टा मागते आहे. या सरासरीची मुलं मागच्या दोन-तीन वर्षांत खाली कुठपर्यंत गेली, वर कुठपर्यंत पोचली, मधली गर्दी कुठे होती.

तुम्ही म्हणाल, असं सांगितलं तर मुलं खचतील. हे मी एकतीस वर्षं स्टाफरूममध्ये ऐकलं आणि कधीकाळी म्हटलंही आहे. पण वहीतली मुलं आठवते तेव्हा आकडा ऐकून खचलेलं पोर मला फारसं सापडत नाही. आकडा ऐकून बापाकडे पाहून खचलेली सापडतात. पोरांना आपला आकडा ठाऊकच असतो हो. टेस्ट त्यांनी दिलेली असते, शेजारच्या बाकावरच्याला किती पडले हेही त्यांना पाठ असतं. अंधारात असतात ते आई-वडील, आणि त्यांना अंधारात ठेवण्याचं ओझं सतरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर असतं. वाडीचा तो मुलगा माझ्याकडे तासभर बसला होता. वडिलांनी तो १ लाख २७ हजारांचा आकडा मोजून झाल्यावर पहिल्यांदा त्याने समोरच्या ताटलीतलं बिस्कीट उचललं.

खरं नुकसान कुठे होतं ते ऐका. याच मुलाने सीईटीचा फॉर्म भरलेला नव्हता. का, तर क्लासमध्ये सांगितलं होतं की सीईटी काय, हसत निघते, आपलं टार्गेट ॲडव्हान्स्ड. सीईटीत ऐंशी टक्के वेटेज बारावीला आणि वीस अकरावीला, निगेटिव्ह मार्किंग नाही, वेळेशी शर्यत जास्त. हा वेगळाच खेळ आहे, तो वेगळा खेळावा लागतो. जेईईला ९१ असलेल्या मुलाने त्याचा तीन महिने सराव केला असता तर नागपुरातच काय, पुण्यालाही त्याला दारं होती. ती दारं आहेत हे त्याला कोणी सांगितलं नाही, कारण त्या दारांचा फोटो होर्डिंगवर शोभत नाही.

दुसरं, बारावीचे ७५ टक्के. आयआयटी-एनआयटीला ते लागतात, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं, एससी-एसटीसाठी ६५. इंटिग्रेटेडच्या, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्रच्या, नावाखाली ज्याने दोन वर्षं कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, प्रॅक्टिकलच्या दिवशी ज्याला ब्युरेट कुठे धरायचं ते माहीत नाही, त्या मुलाची रँक हातात असून टक्क्यांत अडकलेली मी पाहिली आहे. एकदाच पाहिली, पण पुरे झालं.

तिसरं नुकसान क्लाससाठी राजस्थानात कोटाला जाणाऱ्यांचं, आणि यावर तुम्ही गप्प राहता हे मला फार लागतं, कारण तुमच्यापैकी काहींच्या शाखा दोन्हीकडे आहेत. एनआयटीत घरचं राज्य ठरतं ते बारावी कुठून केली यावर. आधार कार्डावर नागपूरची धंतोली लिहिलेली असली तरी बारावी जर राजस्थानातल्या डमी, म्हणजे नुसत्या नावापुरत्या, शाळेतून केली, तर त्या मुलासाठी जयपूरची एनआयटी घरची आणि व्हीएनआयटी परकी. मेडिकलला तर राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. ज्या आईने पोराला मेयोत किंवा मेडिकलला, म्हणजे नागपुरातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत, घालायचं म्हणून दोन वर्षं काळजावर दगड ठेवून तिकडे पाठवलं, तिनेच नकळत त्याचं इथलं दार ओढून घेतलेलं असतं. उलटही होतं. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटची मुलं इथे येऊन बारावी करतात, तेव्हा ती व्हीएनआयटीसाठी महाराष्ट्राची होतात आणि भोपाळच्या एनआयटीवरचा घरचा हक्क गमावतात. त्यांना तो सौदा परवडतो की नाही हे त्यांनी ठरवावं. पण सौदा आहे हे ॲडमिशनच्या टेबलावर बसलेल्या तुमच्या माणसाने पावती फाडायच्या आधी सांगायला नको?

नीटवाल्यांशी थोडकंच बोलते, कारण मी गणिताची. पण एक आकडा प्रत्येक पालकाला दाखवते. २०२४ मध्ये ६५० च्या वर गुण मिळवणारी मुलं देशभरात तीस हजारांवर होती. २०२५ मध्ये पेपर अवघड निघाला आणि ६५० च्या वर फक्त ७३ मुलं. तेच साडेसहाशे गुण एका वर्षी गर्दीत हरवले, दुसऱ्या वर्षी देशात पहिल्या शंभरात आले. तरीही तुमचे काउन्सेलर मार्चमध्ये छातीठोक सांगतात, सहाशे काढ, सरकारी पक्कं. कोणत्या वर्षीचे सहाशे, भाऊ? गुण पेपराबरोबर हलतात. अंदाज बांधायचा तर रँकवर बांधा, तोही किती मुलं बसली, राज्याच्या यादीत आपण कितवे आणि आपल्या प्रवर्गात कितवे, हे पाहून.

काही पालकांनाही दोन शब्द, ते हे वाचत असतील तर. क्लासने खरं सांगितलं तर तुम्ही पोराला तिथून काढून गोड बोलणाऱ्याकडे घालता, हे संचालकांचं म्हणणं मला अगदी खोटं वाटत नाही. माझ्याकडूनही उठून गेलेत लोक. एक बाई तर म्हणाल्या, "तुम्ही फारच निगेटिव्ह बोलून राहिल्या बाप्पा." चहा अर्धा टाकून गेल्या. जुलैत परत आल्या, तेव्हा भरायला फारसं काही उरलं नव्हतं.

तर माझं मागणं असं. डिसेंबरच्या पालकसभेत प्रत्येक घराला एक कागद द्या. वर त्याच्या मुलाची टेस्टची सरासरी. खाली, त्याच सरासरीच्या आसपास असलेली तुमची मागच्या दोन वर्षांची सगळी मुलं, नावं काढून, आणि त्यांना शेवटी किती पर्सेंटाइल आले, कोणतं कॉलेज, कोणती शाखा. सगळी म्हणजे सगळी: मध्येच सोडून गेलेली, ड्रॉप घेतलेली, कुठेच न लागलेलीही. त्या कागदावर शिक्का मारू नका. 'वेल डन' नको आणि 'सुधारणा आवश्यक'ही नको. बाप वाचेल. वाडीच्या गृहस्थांनी बोट ठेवून वाचलं होतं, तसं वाचेल. त्याच सभेत सीईटीच्या फॉर्मची तारीख फळ्यावर लिहा, मोठ्या अक्षरांत. आणि जूनच्या होर्डिंगवर अंशाखाली आडवी रेघ ओढून छेद लिहा. फोटो एक ओळ कमी बसतील, एवढंच.

हा कागद करायला माणूस नाही असं कोणी म्हणणार असेल तर मी करून देते. फुकट. मला फक्त दोन रकाने द्या, नोव्हेंबरची सरासरी आणि एप्रिलचा शेवटचा पर्सेंटाइल. नावं नकोत, क्लासचं नावही वर छापणार नाही. आठवडाभर लागेल. पहिल्यांदा जो क्लास देईल त्याच्याकडे पोरं कमी येतील अशी भीती वाटत असेल, तर चार-पाच जण मिळून एकाच दिवशी द्या. धरमपेठेत एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून बसलेले आहात, एवढं तर जमेल.

ऑप्शन फॉर्मबद्दलही तुमच्या काउन्सेलरना एकदा बसवून समजावून सांगा. पसंतीक्रम आवडीने लावायचा असतो, मिळण्याच्या भीतीने नव्हे. वर लिहिलेलं न मिळाल्याने खालचं जात नाही. पण राज्याच्या सीईटी प्रवेशात २०२५ पासून पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला. गेल्या जुलैत एका मुलाला तुमच्यापैकी एकाच्या माणसाने सांगितलं, वर एक 'सेफ' टाकून ठेव. ते सेफ पहिल्याच फेरीत लागलं आणि पोर तिथेच अडकलं. माझ्याकडे आलं तेव्हा माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. वहीच्या उजव्या पानावर कॉलेजचं नाव लिहिलं, डावं पान कोरंच राहिलं.

वाडीच्या मुलाने सीईटीचा फॉर्म त्याच रात्री भरला. वडिलांचा फोन आला होता, "मॅडम, भरला. आता गणितच करून राहिला सकाळपासून." एप्रिलचा मेनचा पेपरही तो देणार आहे, आणि द्यायलाच हवा. त्याच्या नावापुढे मी वहीत काय लिहिलं ते त्याला ठाऊक आहे, तुम्हाला सांगत नाही.

एकच अडचण झाली. तो गणिताचा कागद गृहस्थ घडी घालून, निकालाबरोबर खिशात ठेवून घेऊन गेले. मुलाच्या आईला दाखवायचा होता. पुढच्या बाजूला माझं विजेचं बिल आहे आणि भरायची मुदत वीस तारखेपर्यंत आहे. हे पत्र त्यांच्या वाचनात आलं तर बिल तेवढं परत पाठवावं, ही विनंती.

आपली,
गणिताची एक निवृत्त शिक्षिका
त्रिमूर्ती नगर, नागपूर